शेततळे पूर्ण केव्हा होते?

परसातला जलतरण तलाव ही आपल्याकडे आजही मोजक्या बंगल्यांपुरती आणि शेतघरांपुरती मर्यादित असलेली चैन आहे. जालना जिल्ह्यात मात्र घरापासून हाकेच्या अंतरावर जमिनीत खोदलेला, आतून गुळगुळीत अस्तर लावलेला आणि पाण्याने भरलेला चौकोनी जलाशय ही नवलाई राहिलेली नाही. त्याला शेततळे म्हणतात. मोसंबी, द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागा उन्हाळ्यात जगवण्यासाठी ही तळी खोदली गेली. शहरात नोकरी-व्यवसाय करून गावाकडची शेती सांभाळणाऱ्या अनेक कुटुंबांनीही ती खोदून घेतली आहेत.

खोदाई झाली, प्लास्टिकचा कागद अंथरला, पाणी सोडले की तळे झाले, असा सर्वसाधारण समज आहे. ठेकेदारही बहुधा इथेच आपले काम संपले असे मानतो. वास्तविक तळ्याचे आयुष्य आणि तळ्याकाठच्या माणसांचे आयुष्य ही दोन्ही अवलंबून असतात ती यानंतरच्या कामांवर. आत पडलेला माणूस दुसऱ्याच्या मदतीशिवाय बाहेर येऊ शकेल, अशी व्यवस्था होत नाही तोवर कोणतेही शेततळे पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही. ही अखेरची कामे कोणती, ती कोणत्या क्रमाने करावीत आणि त्यांपैकी कोणती टाळू नयेत, याची ही माहिती.

जालना आणि शेततळी

१ मे १९८१ रोजी जुन्या औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत. दक्षिणेकडे गोदावरी, मधून दुधना आणि उत्तरेकडे पूर्णा अशा नद्या असल्या तरी बहुतांश शेती पावसावर आणि विहिरींवर अवलंबून आहे. पाऊस पडतो तो प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्यातही मोठे खंड पडतात. २०१२ मध्ये पावसाने दगा दिला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात जालना हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक ठरला. वर्षानुवर्षे जोपासलेल्या मोसंबीच्या बागा शेतकऱ्यांना स्वतःच्या हाताने तोडाव्या लागल्या. जालन्याच्या मोसंबीला पुढे भौगोलिक मानांकन मिळाले. पण बाग टिकवायची असेल तर एप्रिल आणि मे या दोन महिन्यांचे पाणी हाताशी हवे, हा धडा त्या दुष्काळाने कायमचा दिला.

शेततळ्यांच्या संदर्भात जालना तालुक्यातील कडवंची या गावाचे नाव आवर्जून घेतले जाते. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमांतर्गत येथे मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने काम केले. विजयअण्णा बोराडे यांचे मार्गदर्शन आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची साथ त्यामागे होती. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे कामांचा क्रम. आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध आणि नालाबंदिस्ती अशी मृद्-जलसंधारणाची कामे झाली, पाणी जमिनीत मुरले, आणि त्यानंतर गाव शेततळ्यांकडे व द्राक्षांकडे वळले.

राज्य शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आणली. तीत कमाल ५० हजार रुपयांचे अनुदान होते. पुढे २०२२ मध्ये वैयक्तिक शेततळ्याचा समावेश मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत झाला आणि अनुदानाची कमाल मर्यादा ७५ हजार रुपये करण्यात आली. ही रक्कम मुख्यतः खोदाईच्या खर्चाला हातभार लावणारी आहे. अनुदान खोदाईला मिळते, कर्ज कागदाला काढले जाते आणि कुंपणापर्यंत येता येता हातातले पैसे संपतात, हे चित्र म्हणूनच सर्वत्र दिसते.

आकार, उतार आणि पाण्याचा हिशेब

सर्वाधिक प्रचलित शेततळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असते. बाजू सरळ उभ्या नसतात, त्या उतरत्या ठेवलेल्या असतात. मुरमाच्या घट्ट जमिनीत एकास एक उतार चालतो, म्हणजे एक मीटर खोलीमागे तळ एक मीटर आत सरकतो. अशा तळ्याचा तळ २४ मीटर चौरस भरतो आणि त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. काळी माती ओलाव्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. त्यामुळे काळ्या जमिनीत एकास दीड किंवा त्याहून सौम्य उतार ठेवणे श्रेयस्कर. एकास दीड उतार घेतल्यास तळ २१ मीटर चौरस होतो आणि साठा १९ लाख ७० हजार लिटरच्या आसपास येतो. काठोकाठ भरायचे नसल्याने प्रत्यक्ष साठा याहून थोडा कमीच धरावा.

या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानात यावा म्हणून एक तुलना करू. बंगल्याच्या आवारातला ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल जलतरण तलाव सुमारे ४५ हजार लिटरचा असतो. मध्यम आकाराच्या एका शेततळ्यात असे चाळीसहून अधिक तलाव सामावतात. जलतरण तलावाला उथळ बाजू असते, पायऱ्या असतात, धरायला कठडा असतो. शेततळ्याला यांपैकी काहीही नसते. काठावरून दोन पावले पुढे गेलेला माणूस डोक्याएवढ्या पाण्यात असतो.

खोदाईनंतरची साफसफाई

यंत्र शेताबाहेर गेल्यावर लगेच कागद अंथरण्याची घाई करू नये. भरलेल्या तळ्यात तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे तीन टन पाण्याचा भार असतो. या भाराखाली बोटभर आकाराचा टोकदार दगडही कागदाला छिद्र पाडू शकतो. त्यासाठी तळ आणि चारही उतार हाताने साफ करावे लागतात. दगडगोटे, चुनखडीचे खडे, झाडांची मुळे, तुराट्या-पराट्यांचे खुंट वेचून काढावेत. खड्डे मऊ मातीने भरून, पाणी शिंपडून चोपून घ्यावेत. मुरूम फार खरखरीत असेल तर त्यावर चाळलेल्या मऊ मातीचा थर द्यावा. उतारावर माती ठरत नसल्यास कागदाखाली जाडसर संरक्षक कापड घालावे लागते.

उंदीर, घुशी आणि खेकडे यांची बिळे या वेळी शोधून बुजवावीत. हराळी आणि लव्हाळा यांचे कोंब कागद भेदून वर येतात. त्यांच्या गाठी खणून काढाव्यात. खोदलेली माती काठावर टाकून केलेला भराव थराथराने दाबलेला असावा. नुसता ढीग केलेला भराव पहिल्या पावसातच खचतो आणि त्याबरोबर कागदही ताणला जाऊन फाटतो.

कागद अंथरताना

ज्याला शेतकरी 'कागद' म्हणतात तो प्रत्यक्षात विणलेल्या प्लास्टिकवर दोन्ही बाजूंनी थर चढवून केलेला पडदा असतो. शेततळ्यासाठी सर्वसाधारणपणे ५०० मायक्रॉन जाडीचा कागद वापरला जातो. त्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १५३५१ हे मानक आहे. खरेदी करताना मानकाचा क्रमांक कागदावर छापलेला आहे याची खात्री करावी, बिलावर जाडी लिहून घ्यावी आणि हमीपत्र जपून ठेवावे.

कागद किती लागेल, याचा हिशेब अनेकदा चुकतो. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या, एकास एक उताराच्या तळ्याचा तळ ५७६ चौरस मीटर आणि चार उतार मिळून सुमारे ४५८ चौरस मीटर भरतात, म्हणजे एकूण १,०३४ चौरस मीटर. पण काठावरून पुढे जाऊन चरात दाबण्यासाठी प्रत्येक बाजूला दीड ते दोन मीटर जादा कागद हवा. तो धरला तर गरज १,२०० ते १,३०० चौरस मीटरपर्यंत जाते. कागद कमी पडला की तो ताणून बसवला जातो, आणि ताणलेला कागद पाण्याच्या भाराने सांध्यावर फाटतो.

कागद सकाळच्या किंवा सायंकाळच्या वेळी, वारा पडलेला असताना अंथरावा. भर दुपारी प्लास्टिक प्रसरण पावलेले असते. त्या वेळी घट्ट बसवलेला कागद रात्री आकसतो आणि कोपऱ्यांत तळापासून उचलला जातो. म्हणून तो किंचित सैल ठेवतात. अंथरणाऱ्या मजुरांनी पायांतल्या वहाणा काढून ठेवाव्यात. एक खिळा निघालेली चप्पल संपूर्ण कामावर पाणी फिरवू शकते. सांधे गरम हवेच्या यंत्राने जोडलेले असावेत, डिंकाने किंवा चिकटपट्टीने नव्हेत. प्रत्येक सांध्यावरून बोथट टोक फिरवून पाहिल्यास न चिकटलेली जागा तत्काळ सापडते. ही तपासणी मालकाने स्वतः उभे राहून करून घ्यावी, कारण पाणी भरल्यानंतर ती करता येत नाही.

काठापासून साधारण अर्धा मीटर अंतरावर चारही बाजूंनी अर्धा मीटर खोल आणि तितकाच रुंद चर खणलेला असतो. कागदाची कड या चरात सोडून त्यावर माती भरून ती चोपली जाते. कागद जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम हा चर करतो. दगड ठेवून दाबलेली कड वाऱ्याने सुटते. तेव्हा चराला पर्याय नाही.

पाणी येण्याची आणि जाण्याची वाट

शेतातून वाहून येणारे पाणी थेट तळ्यात घेऊ नये. ते आधी एका लहान खड्ड्यात अडवावे, गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी पाइपातून तळ्यात सोडावे. पाइपाचे तोंड जिथे उघडते तिथे कागदावर कागदाचाच दुसरा तुकडा जोडून घ्यावा, म्हणजे पडणाऱ्या धारेने झीज होत नाही. जादा पाणी बाहेर काढणारा सांडवा काठापेक्षा किमान ३० ते ५० सेंटीमीटर खाली असावा. सांडवा नसलेले तळे एखाद्या ढगफुटीसारख्या पावसात काठावरून वाहते, भराव कापते आणि शेजाऱ्याच्या शेतात वाट काढते. त्यातून निर्माण होणारे तंटे पाण्यापेक्षा अधिक काळ टिकतात.

पाणी कुठून आणायचे, हा प्रश्नही याच टप्प्यावर सोडवला पाहिजे. शेततळ्याची मूळ कल्पना पावसाचे वाहून जाणारे पाणी साठवण्याची आहे. प्रत्यक्षात अनेक तळी विहिरी आणि कूपनलिका उपसून भरली जातात. कागद घातलेल्या तळ्यातून पाणी जमिनीत मुरत नाही आणि उघड्या पृष्ठभागावरून ते उडत राहते. उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलीमीटर बाष्पीभवन धरले, तरी ९०० चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून रोज ७,२०० लिटर पाणी हवेत जाते. भूगर्भातले सामाईक पाणी उपसून ते उन्हात वाळत घालण्याचा हा प्रकार असल्याची टीका जलतज्ज्ञ करतात, आणि ती निराधार नाही. पावसाळ्यात ओढ्या-नाल्यांना पाणी वाहत असताना तळे भरून घेणे आणि हिवाळ्यानंतर उपशाला हात न लावणे, हा त्यातला जबाबदारीचा मार्ग आहे.

बागेचा हिशेबही यावरूनच मांडता येतो. मोसंबीच्या २०० झाडांना दिवसाला प्रत्येकी १०० लिटर पाणी ठिबकने द्यायचे ठरवले तर २० हजार लिटर लागतात. त्यात बाष्पीभवनाचे सात हजार मिळवले तर २० लाख लिटरचे तळे अडीच महिन्यांच्या आसपास पुरते. एप्रिलच्या आरंभापासून पावसाच्या आगमनापर्यंतचा काळ तेवढाच असतो.

पहिली भरणी आणि बादलीची परीक्षा

तळे एकाच दमात भरू नये. प्रथम अर्धा मीटर पाणी घेऊन दोन-तीन दिवस थांबावे. या काळात कागद तळाशी बसतो, सुरकुत्या सारख्या होतात आणि कुठे ताण येत असेल तर तो दिसून येतो. त्यानंतर टप्प्याटप्प्याने पातळी वाढवावी.

गळती आहे की पाणी नुसते उन्हाने उडते आहे, हे ओळखण्याची एक सोपी रीत जलतरण तलाव बांधणारे जगभर वापरतात. ती शेततळ्यालाही लागू पडते. एक बादली पाण्याने भरून, दोराने बांधून तळ्याच्या पाण्यात काठाजवळ अर्धी बुडेल अशी टांगावी. बादलीतली पातळी आणि तळ्याची पातळी यांच्या खुणा कराव्यात. या काळात पाणी आत घेऊ नये, बाहेरही काढू नये. चोवीस तासांनी दोन्हींतली घट मोजावी. दोन्हींत सारखीच घट असेल तर ते बाष्पीभवन. बादलीत ८ मिलीमीटर आणि तळ्यात १५ मिलीमीटर घट दिसली, तर उरलेल्या ७ मिलीमीटरचा अर्थ रोज ६,००० लिटरहून अधिक गळती असा होतो. अशा वेळी पाणी उतरताना ज्या पातळीवर घट थांबते, त्याच पातळीवर छिद्र शोधावे. ही परीक्षा ठेकेदाराचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी करावी, हे सांगणे न लगे.

निसरडा उतार

इथपर्यंतची कामे पाण्यासाठी होती. यापुढची माणसांसाठी आहेत, आणि तीच सर्वाधिक राहून जातात.

शेततळ्यात बुडून मुलांचा, तरुणांचा, कधी एकाच घरातील दोघा-तिघांचा मृत्यू झाल्याच्या बातम्या राज्याच्या सर्व भागांतून येत असतात. बळी पडणाऱ्यांत पोहता येणारेही असतात, याचे अनेकांना नवल वाटते. त्याचे कारण पाण्याच्या खोलीत जेवढे आहे, तेवढेच कागदात आहे. ओला प्लास्टिकचा उतार पायाला आधार देत नाही. काही आठवड्यांत त्यावर शेवाळाचा पातळ थर चढतो आणि तो काचेहून निसरडा होतो. विहिरीत पडलेल्याला दगडी बांधकामाच्या कपारी धरता येतात, नदीत पडलेल्याला काठाची माती किंवा झुडूप सापडते. शेततळ्यात पडलेला माणूस काठापर्यंत पोहत येतो, वर चढू पाहतो आणि पुन्हा आत घसरतो. असे चार-सहा प्रयत्न झाले की दम संपतो. काठावरून हात द्यायला गेलेलाही त्याच उतारावरून आत जातो. एकामागोमाग एक माणसे जातात ती यामुळे.

बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. पाणी निळे आणि शांत असते, कडा आखीव असतात. सुट्टीत शहरातून आलेल्या मुलांना ते तळे पोहण्याच्या तलावासारखे वाटले, तर त्यात त्यांचा दोष नाही.

कुंपण, दोर आणि ट्यूब

पहिला उपाय कुंपणाचा. काटेरी तारेच्या तीन ओळी जनावरे अडवतात, मूल अडवत नाहीत. त्यासाठी विणलेली जाळी हवी. ती जमिनीपासून किमान १.२ मीटर उंच असावी आणि तिच्याखाली दहा सेंटीमीटरहून अधिक फट राहू नये. कुंपण चराच्या बाहेर, भरावाच्या पायथ्याशी घ्यावे, म्हणजे खांब रोवताना कागदाला धक्का लागत नाही. फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारे आणि सोडले की आपोआप मिटणारे असावे, त्याला कुलूप असावे आणि किल्ली मुलांच्या हाती लागू नये. कुंपणाला लागून पेट्या, पाइपांचे गठ्ठे किंवा दगडांचे ढीग ठेवू नयेत. मुले त्यांवर चढून आत उतरतात.

दुसरा उपाय दोरांचा. चारही बाजूंना किमान एकेक, आणि बाजू ३० मीटरची असेल तर दोन-दोन जाड नायलॉनचे दोर काठापासून तळापर्यंत सोडून ठेवावेत. दोराला फूट-फूट अंतरावर गाठी माराव्यात. ओल्या हातातून गुळगुळीत दोर सुटतो, गाठ सुटत नाही. दोराचे वरचे टोक चराच्या बाहेर खोल रोवलेल्या लोखंडी खुंट्याला बांधावे. याहून उत्तम म्हणजे एका तरी कोपऱ्यात दोराची शिडी किंवा एकमेकांना बांधलेल्या जुन्या टायरांची माळ उतारावर सोडणे. टायरांतल्या तारा बाहेर आलेल्या नाहीत हे मात्र पाहून घ्यावे, अन्यथा कागद फाटेल. तळ्याच्या मध्यातून आरपार एक दोर ताणून त्याला हवा बंद केलेले डबे बांधले, तर मध्यावर सापडलेल्यालाही आधार मिळतो.

तिसरा उपाय तरंगत्या साधनांचा. हवा भरलेली ट्रॅक्टरची ट्यूब, तिला बांधलेला वीस मीटरचा दोर आणि एक लांब बांबू फाटकाजवळ कायम टांगलेले असावेत. ट्यूब घरात, दोर गोठ्यात आणि बांबू मांडवाला, अशी स्थिती असेल तर प्रसंगी त्यांचा उपयोग होत नाही. ट्यूबमधली हवा दर महिन्याला तपासावी.

चौथी गोष्ट विजेची. पाण्यात सोडलेल्या किंवा तरंगत्या मोटारीची वायर जुनी झाली की पाण्यात वीज उतरते. मोटारीच्या पेटीत गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण बसवून घ्यावे आणि मोटार बंद करून फ्यूज काढल्याशिवाय कोणीही पाण्यात उतरू नये. पाण्यातली मोटार काढण्यासाठी एकट्याने जाऊ नये, हा नियम गड्यामाणसांनाही लागू करावा.

या सर्व वस्तूंपैकी कुंपणाचा खर्च मोठा आहे, हे मान्य. पण दोर, ट्यूब, टायर आणि बांबू यांचा एकत्रित खर्च कागदाच्या खर्चापुढे नगण्य आहे. कुंपण पुढच्या हंगामावर ढकलावे लागले, तरी दोर पाणी सोडण्याच्या आदल्या दिवशीच बांधलेले असले पाहिजेत.

जगाचा अनुभव

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मृत्युमुखी पडले. त्यांतील जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती. भारतात दरवर्षी ३० हजारांहून अधिक मृत्यू बुडून होतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या घटना रोखण्यासाठी वाहिला आहे.

ज्या देशांत परसातले जलतरण तलाव सर्रास आहेत, त्यांनी हा प्रश्न कायद्याने हाताळला. फ्रान्सने जानेवारी २००३ मध्ये कायदा करून जमिनीत बांधलेल्या खासगी तलावांना कुंपण, आच्छादन किंवा धोक्याची सूचना देणारी यंत्रणा यांपैकी एक तरी सक्तीची केली. ऑस्ट्रेलियातील राज्यांनी तलावाभोवती ठरावीक उंचीचे कुंपण आणि आपोआप मिटणारे फाटक बंधनकारक केले आहे. तेथील अभ्यासांतून एक महत्त्वाची बाब पुढे आली. सबंध आवाराला कुंपण घालण्यापेक्षा केवळ तलावाभोवती चारही बाजूंनी घातलेले कुंपण अधिक परिणामकारक ठरते. कारण आवाराला कुंपण असले तरी घरातले मूल तलावापर्यंत पोहोचतेच. आपल्याकडेही शेताला कुंपण आहे म्हणून तळ्याला नको, असा युक्तिवाद केला जातो. बुडणारी बालके बहुधा त्याच घरातली किंवा त्याच शेतावर राबणाऱ्या मजुरांची असतात, हे लक्षात घेतले की तो टिकत नाही.

शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख रुपयांपर्यंत साहाय्य देणारी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना राज्यात आहे आणि बुडून झालेला मृत्यू तीत येतो. पण तिची वयोमर्यादा १० ते ७५ वर्षे आहे. ज्यांना तळ्याचा धोका सर्वाधिक, ती दहा वर्षांखालील मुले त्या मर्यादेबाहेर राहतात.

अपघात घडल्यास

कोणी तळ्यात पडलेले दिसताच पहिला नियम हा की मागोमाग उडी मारू नये. मोठ्याने ओरडून माणसे जमवावीत, ट्यूब किंवा दोर फेकावा, बांबू पुढे करावा. दोर ओढताना स्वतः पालथे पडून राहावे किंवा मागून कोणाला तरी धरायला सांगावे. काहीच हाताशी नसेल तर दोन साड्या किंवा धोतरे एकमेकांना गाठ मारूनही दोर होतो. आत उतरणे अटळच असेल, तर कमरेला बांधलेला दोर काठावरच्या दोघांच्या हाती दिल्याखेरीज उतरू नये.

बाहेर काढलेल्या व्यक्तीला उलटे टांगणे, गरगर फिरवणे किंवा पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार घातक आहेत. त्यांत मोलाची मिनिटे वाया जातात. व्यक्ती श्वास घेत नसेल तर तिला कठीण जागेवर उताणे निजवून, हनुवटी वर उचलून, नाक बंद करून आधी तोंडावाटे श्वास द्यावा आणि त्यानंतर छातीच्या मध्यभागी दाब द्यावा. तीस वेळा दाब आणि दोन श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत थांबवू नये. दरम्यान दुसऱ्याने १०८ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. शेताचा गट क्रमांक, शिवाराचे नाव आणि रस्त्यावरची एखादी ठळक खूण फाटकावरच लिहून ठेवलेली असेल, तर रुग्णवाहिकेला वाट सांगणे सोपे जाते. शुद्धीवर आलेल्या व्यक्तीलाही रुग्णालयात नेलेच पाहिजे. फुप्फुसांत गेलेल्या पाण्याचे परिणाम काही तासांनंतरही दिसू शकतात.

पुढची देखभाल

तळे कधीही पूर्ण कोरडे करू नये. तळाशी फूटभर पाणी राहिले तर वाऱ्याने कागद उचलला जात नाही आणि उन्हाचा थेट माराही लागत नाही. पाण्याच्या पातळीवर उघडा राहणारा कागद सर्वांत आधी जीर्ण होतो. दरवर्षी उन्हाळ्यात तेवढा भाग बारकाईने पाहावा आणि चिरा त्याच जातीच्या कागदाचे ठिगळ गरम हवेने जोडून बुजवाव्यात. डासांसाठी गप्पी मासे सोडणे हा स्वस्त आणि निर्धोक उपाय आहे. शेवाळासाठी मोरचूद वापरण्याची प्रथा आहे; परंतु मात्रा चुकल्यास मासे मरतात, म्हणून कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याशिवाय ते टाकू नये. पावसाळ्यापूर्वी गाळाचा खड्डा उपसावा, सांडवा मोकळा करावा आणि दोरांच्या गाठी व खुंटे ओढून पाहावेत. उन्हाने कडक झालेला दोर दिसायला शाबूत असला तरी झटक्याने तुटतो, तो बदलावाच.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी

ठेकेदाराचा हिशेब चुकता करण्यापूर्वी मालकाने पुढील बाबी स्वतः पाहाव्यात.

- कागदाची जाडी, मानकाचा क्रमांक आणि हमीपत्र यांचा मेळ बसतो.
- सर्व सांधे गरम हवेने जोडलेले असून पाणी सोडण्यापूर्वी त्यांची तपासणी झाली आहे.
- कागदाची कड चारही बाजूंनी चरात दाबलेली आहे.
- गाळाचा खड्डा आणि सांडवा तयार आहेत.
- बादलीच्या परीक्षेत गळती आढळलेली नाही.
- जाळीचे कुंपण, आपोआप मिटणारे फाटक आणि कुलूप बसवलेले आहे.
- गाठी मारलेले दोर तळापर्यंत सोडलेले आहेत आणि किमान एका कोपऱ्यात शिडी किंवा टायरांची माळ आहे.
- ट्यूब, फेकायचा दोर आणि बांबू फाटकाजवळ टांगलेले आहेत.
- मोटारीच्या पेटीत प्रवाह तोडणारे उपकरण आहे.
- 'तळे खोल आहे, उतार निसरडा आहे, पोहू नये' असा ठळक मराठी फलक लावलेला आहे.

यांपैकी पहिल्या पाच बाबींकडे दुर्लक्ष झाले तर नुकसान पैशाचे आणि पाण्याचे होते. ते एखाद्या चांगल्या हंगामात भरून निघू शकते. उरलेल्या पाच बाबींचे तसे नाही. ठेकेदारीचा करार लिहितानाच या दहाही बाबी त्यात लिहून घ्याव्यात आणि दोर-कुंपणाचा खर्च कागदाच्या खर्चातच धरावा. मग तो शेवटी उरलेल्या पैशांवर अवलंबून राहत नाही.